ठिपका, तुटक रेघ आणि कोरी जागा

१२ जून २०२५ च्या दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जीव गेले. एक प्रवासी वाचला. त्याच दुपारी एक आकडा देशभर पसरला : ६२५ फूट. फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळाने विमानाचा शेवटचा संदेश जाहीर केला होता, त्यातली ही उंची. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण २०० फुटांवर आहे. मग वजाबाकी सोपी होती. विमान जमिनीपासून सव्वाचारशे फूट वर गेले आणि तिथून खाली आले, असे धरून ज्याने त्याने आपापली कारणमीमांसा उभी केली. इंजिन कधी बंद पडले असेल, वैमानिकांना किती सेकंद मिळाले असतील, या सगळ्याचा पाया तो एक आकडा होता.

आकडा खोटा नव्हता. तो वाचला चुकीचा गेला. विमान आपली उंची जी प्रक्षेपित करते ती हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि तीही त्या दिवशीच्या स्थानिक दाबावरून नव्हे, तर १०१३.२५ हेक्टोपास्कल या ठरावीक प्रमाण दाबावरून. पुन्हा ती २५-२५ फुटांच्या पायऱ्यांनी येते. जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, आपल्याकडे दाब या प्रमाणापेक्षा बराच खाली असतो आणि एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. दहा-बारा हेक्टोपास्कलचा फरक पडला की पावणेतीनशे-सव्वातीनशे फूट नुसते कागदावर वाढतात. संकेतस्थळाने पुढे दाब आणि तापमानाचा हिशेब जुळवून तपशील मांडला तेव्हा ते ६२५ फूट जमिनीपासून अवघे ७१ फूट निघाले. त्या क्षणी विमान अजून धावपट्टीच्याच वर होते. म्हणजे हा संदेश घटनेचा शेवट सांगतच नव्हता. संदेश मिळणे थांबले होते; विमान त्यानंतरही उडत होते.

ही दुरुस्ती किती जणांपर्यंत पोहोचली? माझ्या पाहण्यात मराठी वृत्तपत्रांत तरी तिला जागा मिळाली नाही. सव्वाचारशे फूट मात्र आजही गप्पांमध्ये ऐकू येतात.

गेली काही वर्षे मी या विमान-निरीक्षकांच्या नोंदी वाचतो आहे. त्याआधीची बरीच वर्षे मोडी कागदपत्रांत गेली. कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का माझ्यावर नाही. जे शिकलो ते दप्तरे उलगडून आणि जाणत्यांच्या मागे लागून. ही दोन्ही कामे वरकरणी एकमेकांपासून फार दूरची वाटतील. पण ज्याने एकाच बखरीच्या तीन प्रती समोर ठेवून त्यातला मूळ शब्द कोणता हे शोधले आहे, त्याला आकाशाचा हा नकाशाही एक पाठच दिसू लागतो. त्याला लेखक आहे, लेखनिक आहेत, गाळलेल्या जागा आहेत, कोणीतरी मागाहून घातलेली भरही आहे. नाही ती पाठचिकित्सा.

आधी हा पाठ लिहिला कसा जातो ते पाहू. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत एडीएस-बी नावाची व्यवस्था असते. विमान उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे स्थान ठरवते आणि १०९० मेगाहर्ट्झवर ते सेकंदाला साधारण दोनदा उघडपणे सांगत राहते. सोबत विमानाचा २४ बिटांचा क्रमांक असतो, तो सहा चिन्हांत लिहितात. भारतात नोंदलेल्या विमानांचा क्रमांक ८० ते ८३ यांपैकी एका जोडीने सुरू होतो. हा संदेश कोणासाठी राखून ठेवलेला नाही, त्याला कुलूपही नाही. दूरदर्शनच्या छोट्या रिसीव्हरमधून आलेली एक कांडी, एक हातभर अँटेना आणि तळहाताएवढा संगणक एवढ्यावर तो पकडता येतो. अट एकच, विमान आणि अँटेना यांच्यात आडकाठी नको. पस्तीस हजार फुटांवरचे विमान साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरून ‘ऐकू’ येते. तेच विमान जमिनीवर असले की शेजारची इमारतही आड येते.

फ्लाइटरडार२४ सुरू केले ते २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी मंडळींनी, आणि २००९ पासून कोणीही आपला रिसीव्हर त्याला जोडू शकतो. आज जगभरात असे पन्नास हजारांहून अधिक रिसीव्हर असल्याचे कंपनी सांगते. बरेचसे घरांच्या गच्च्यांवर. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश रिकामे केले, तेव्हा सामान्य माणूस पहिल्यांदा या नकाशाकडे वळला. नावात ‘रडार’ आहे, पण हे रडार नव्हे. रडार स्वतः लहर सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेली पकडते. इथे विमान बोलते आणि आपण ऐकतो. बोलणारा गप्प बसला, किंवा ऐकणारा दूर असला, की ठिपका नाहीसा होतो. आपल्या बातम्यांत ‘विमान रडारवरून गायब’ हा मथळा दर वेळी छापला जातो त्यातल्या बऱ्याच वेळा गायब झालेला असतो तो कोणाच्यातरी गच्चीवरचा रिसीव्हर. भाषेतल्या या एका आळसाने किती घरांचे जीव टांगणीला लावले असतील.

म्हणून माझ्या मते या नकाशावर तीन वेगळ्या शाया आहेत. पहिली, प्रत्यक्ष ऐकलेल्या संदेशाची. दुसरी, अंदाजाची : शेवटची दिशा आणि वेग धरून यंत्राने पुढे ओढलेली तुटक रेघ. समुद्रावर, वाळवंटावर ही रेघ तासन्‌तास चालते आणि तिच्या टोकाचे ते विमानाचे चित्र खऱ्यासारखेच हलत असते. तिसरी शाई म्हणजे कोरी जागा. जाणता निरीक्षक या तिन्हींत फरक करतो. गर्दी करत नाही, आणि नकाशाची मांडणीही तिला तो करू देत नाही. तिन्ही चित्रे सारखीच देखणी असतात.

अहमदाबादचेच दुसरे प्रकरण कोऱ्या जागेचे आहे. सुरुवातीच्या नोंदीत विमान धावपट्टीच्या मधल्या जोडरस्त्याने आत आलेले दिसत होते आणि त्यानंतर जमिनीवरची वाट पुसट होती. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी असताना वैमानिकांनी अर्ध्यातूनच उड्डाण केले, असा निष्कर्ष काही तासांत निघाला. मृत वैमानिकांवर ठेवलेला हा पहिला ठपका. वास्तविक विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत मागे गेले, तिथे वळले आणि पूर्ण लांबी वापरून उडाले. सगळ्या रिसीव्हरांकडची माहिती एकत्र केल्यावर संकेतस्थळाने हे स्वतःच सांगितले आणि १२ जुलैच्या प्राथमिक अहवालातही तेच आले. मधल्या काळात त्या वैमानिकांच्या घरच्यांनी काय काय वाचले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? इंधनाच्या स्विचांचा प्रश्न नंतरचा, आणि तो या लेखाचा विषय नाही. मुद्दा इतकाच, की नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे, असे वाचले गेले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली. सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांपुढे एकूण १२५९ हस्तलिखिते होती. एखाद्या पोथीचे पान फाटलेले असेल तर त्या पानावर काही नव्हतेच, असे त्यांच्यातला कोणी म्हणाला नसता. दुसऱ्या शाखेची पोथी मागवली असती. अहमदाबादच्या बाबतीत दुसरी पोथी म्हणजे शेजारच्या गच्चीवरचा दुसरा रिसीव्हर. ती यायला थोडा वेळ लागला, इतकेच. तेवढा वेळ थांबण्याची कोणाची तयारी नव्हती.

यावरून कोणी म्हणेल, हा हौशी लोकांचा पोरखेळ आहे, तपास तज्ज्ञांवर सोडावा. माझे मत नेमके उलटे आहे. या छंदाची जुनी शिस्त फार कडक होती आणि तिच्यामुळे जगाला अशा गोष्टी कळल्या ज्या कोणत्याही सरकारने सांगितल्या नसत्या.

इंटरनेटच्या आधीचा विमान-निरीक्षक म्हणजे वही, दुर्बीण आणि कुंपणाबाहेरची जागा. तारीख, वेळ, शेपटीवरचा नोंदणी क्रमांक, बस्स. मत लिहायला वहीत रकानाच नसे. या वह्यांची भीती कोणाला वाटावी? नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच निरीक्षकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले. महिनाभराहून अधिक काळ ते तुरुंगात होते. एप्रिल २००२ मध्ये शिक्षाही झाली. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. विमानांचे क्रमांक कोणी निव्वळ आवडीने लिहून ठेवतो, हे त्या न्यायालयाला समजावून सांगायला वर्ष लागले. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमावलीने विमानतळावरच्या छायाचित्रणाला परवानगीची अट घातली. तरी मुंबईत जरीमरीच्या बाजूला कॅमेरे घेऊन उभी राहणारी तरुण मंडळी वर्षानुवर्षे आहेतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये देवमाशाच्या आकाराचे ‘बेलुगा’ मुंबईत उतरले तेव्हा त्यांची दिवाळी पुन्हा झाली असणार.

त्याच काळातली दुसरी हकीकत. २३ जानेवारी २००४ ला स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा विमानतळावर, एका हौशी छायाचित्रकाराने एका पांढऱ्या बोइंग ७३७ चे चित्र घेतले. क्रमांक एन३१३पी. त्याच्या दृष्टीने ते एक जरा वेगळे खाजगी विमान होते. तेच विमान तिथून मॅसेडोनियातल्या स्कोप्ये इथे गेले आणि खालेद अल-मस्री या जर्मन नागरिकाला घेऊन काबूलकडे निघाले. नावाच्या घोळातून पकडलेला हा निरपराध माणूस सीआयएच्या कोठडीत महिनोन्‌महिने होता आणि मे महिन्यात त्याला अल्बानियातल्या एका रस्त्यावर आणून सोडले. त्याची गोष्ट सुरुवातीला कोणाला खरी वाटेना. पुढे पत्रकारांनी आणि युरोपीय परिषदेच्या चौकशीने विमानांच्या नोंदी, उड्डाणांचे तक्ते, नोंदणी कार्यालयातली मालकीची कागदपत्रे आणि कैद्यांच्या साक्षी एकमेकांशेजारी ठेवल्या. १३ डिसेंबर २०१२ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अल-मस्रीच्या बाजूने निकाल दिला. अशीच एन३७९पी क्रमांकाच्या दुसऱ्या विमानाची बातमी ऑक्टोबर २००१ मध्येच कराचीच्या एका वार्ताहराने दिली होती : रात्रीच्या अंधारात विमानतळाच्या एका कोपऱ्यात एका तरुणाला त्यात चढवले होते. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. क्रमांक मात्र छापला गेला होता आणि छापलेला क्रमांक वाट पाहू शकतो.

पाल्माच्या त्या छायाचित्राने एकट्याने काहीच सिद्ध केले नसते. आत कोण होते हे ते सांगत नाही. तरी त्याच्यावाचून साखळी जुळली नसती. निरीक्षकाने पाहिले तेवढेच सांगितले, म्हणून त्याच्या नोंदीला न्यायालयापर्यंत किंमत राहिली.

आता आजची गर्दी. २ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचे विमान क्वालालंपूरहून तैवानकडे निघाले. दक्षिण चिनी समुद्र टाळून, बोर्निओ आणि फिलिपाइन्सच्या पूर्वेकडून लांबचा वळसा घालत ‘स्पार १९’ तैपेईत उतरले. त्या क्षणी ७ लाख ८ हजार लोक तो ठिपका पाहत होते. एकूण २९ लाख २० हजारांनी तो केव्हा ना केव्हा पाहिला. सहा आठवड्यांत तोही उच्चांक मोडला. १३ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांची शवपेटी एडिंबरोहून लंडनला नेणारे विमान सुमारे ५० लाखांनी पाहिले, आणि पहिल्याच मिनिटात संकेतस्थळ कोलमडले. या संख्यांनी मी भारावत नाही. अंत्ययात्रेला रस्त्याच्या कडेला उभे राहणे आपल्याला समजते. हे त्याच जातीचे. पण रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला माणूस साक्षीदार होत नाही, आणि इथे मात्र प्रत्येक जण स्वतःला साक्षीदार समजू लागतो.

५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाका सोडून निघाल्या. बांगलादेश हवाई दलाचे सी-१३०जे, संबोधन ‘एजॅक्स १४३१’, दिल्लीजवळच्या हिंडन तळाकडे येताना २९ हजारांहून अधिक लोक पाहत होते. त्या दिवशी अंदाज बरोबर ठरला. दुसऱ्या सकाळी तेच विमान हिंडनहून उडाले आणि हसीना आता पुढच्या देशाकडे निघाल्या, अशी चर्चा लगेच सुरू झाली. विमानात बांगलादेशचे सात सैनिक होते. हसीना भारतातच होत्या. ठिपका विमान दाखवतो, प्रवासी नाही. इतकी साधी गोष्ट काल बरोबर ठरलेल्या अंदाजाच्या धुंदीत विसरली गेली.

सप्टेंबर २०२२ मधली अफवा तर जवळजवळ आपल्याकडेच वाढली. चीनमधली हजारो उड्डाणे रद्द झाली आहेत, म्हणजे बीजिंगमध्ये सत्तापालट झाला आणि शी जिनपिंग नजरकैदेत आहेत, असे समाजमाध्यमांवर भारतातून जोरात पसरले. २७ तारखेला शी एका प्रदर्शनात दिसले. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, एका छोट्या विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून पाकिस्तानात किरणोत्सर्ग झाला असल्याची आवई उठली. क्रमांक अमेरिकी ऊर्जा खात्याच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या विमानाचा होता, हे खरे. पण ते विमान पूर्वीच पाकिस्तानी लष्कराकडे गेलेले होते. म्हणजे कोणीतरी जुन्या यादीत नाव पाहून आजचा अर्थ लावला. मोडी वाचणाऱ्याला ही चूक ओळखीची आहे : सातारच्या गादीवरच्या एका शाहूचा कागद दुसऱ्या शाहूच्या खात्यात घालणे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असे स्पष्ट केले. तोवर सगळे समजून चुकले होते.

या वाचनात आणखी एक भाबडेपणा आहे. दिसते ते चुकून दिसते, आणि आपण ते हुशारीने पकडले, असे निरीक्षकाला वाटते. लष्करी विमानाला आपला आवाज बंद करता येतो. फेब्रुवारी २०२२ च्या आधीचे आठवडे अमेरिकेचे मानवरहित ग्लोबल हॉक सिसिलीतल्या तळावरून काळ्या समुद्राकडे उघडपणे, आपले ‘फोर्टे’ हे संबोधन मिरवत जात होते. लाखो लोकांना ते दिसावे अशीच योजना असणार, हे माझे अनुमान. पण न दिसण्याची सोय असताना दिसणे हा मजकुराचाच भाग धरायला हवा. दरबारी पत्र वाचताना आपण आधी विचारतो, हे कोणाला दाखवायला लिहिले?

आणि आता तर बोलणाऱ्या विमानालाच चकवले जाते. उपग्रहांचे खोटे संकेत सोडले की विमान प्रामाणिकपणे चुकीचे स्थान सांगते. पूर्व भूमध्य समुद्रावरची विमाने नकाशावर बैरुतच्या विमानतळावर उभी दिसली आहेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात अशा ४६५ घटना नोंदल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. म्हणजे पहिली शाईही आता निखळ राहिली नाही.

राहता राहिली मुद्दाम कोरी ठेवलेली जागा. अमेरिकेत विमानाच्या मालकाला आपले विमान न दाखवण्याची विनंती नोंदवता येते. मोठी संकेतस्थळे ती पाळतात. एलॉन मस्क यांच्या विमानाच्या हालचाली रोज जाहीर करणाऱ्या विद्यार्थ्याचे खाते डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने, म्हणजे मस्क यांच्याच कंपनीने, बंद केले. मार्च २०२५ पासून तर मालकाचे नाव-पत्ताच नोंदवहीतून झाकून घेण्याची सोय झाली आहे. एका माणसाचा रोजचा प्रवास सगळ्यांनी पाहावा का, हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचे झटपट उत्तर देता येत नाही. पण इंडिगोने पुण्याला जाणारा मनुष्य आणि स्वतःच्या जेटने जाणारा मनुष्य यांपैकी झाकण कोणाला मिळते, हे उघड आहे. आणि एन३१३पी आज उडाले असते, तर त्याच्या कागदी मालकांनी हा अर्ज नक्की भरला असता.

काहीही न झाकणारे एक ठिकाण २०१६ पासून हौशी लोकांनी उभे केले होते : एडीएस-बी एक्स्चेंज. जानेवारी २०२३ मध्ये ते एका विमान-माहितीच्या कंपनीला विकले गेले. वर्षानुवर्षे स्वतःच्या विजेवर, स्वतःच्या गच्चीवरून माहिती पुरवणाऱ्यांना ते बातमीतून कळले. अनेकांनी आपले रिसीव्हर काढून दुसऱ्या, नव्याने निघालेल्या जाळ्यांना जोडले. विक्रीची रक्कम मालकाची, अँटेना लोकांची. आपल्याकडच्या कित्येक संग्रहांची कथा अशीच आहे, दप्तरे गावाची आणि सूची दुसऱ्याच्या नावावर.

माझी अपेक्षा या संकेतस्थळांकडून फार मोठी नाही. अंदाजाने काढलेल्या विमानाचे चित्र वेगळ्या रंगात, रिते दाखवा. उंचीच्या आकड्याशेजारी ती प्रमाण दाबावरची आहे हे लिहा. एखादी नोंद दुरुस्त केली तर जुनी पुसू नका, तिच्या खाली तारीख घालून नवी द्या. आणि आपल्या वार्ताहरांनी ‘रडारवरून गायब’ऐवजी ‘संदेश मिळणे थांबले’ असे लिहावे. मथळ्यात एकही अक्षर जास्त जाणार नाही.